‘चांगले जंतू’ आणि न झालेली तपासणी



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने स्त्रियांच्या आजारावर का बोलावं, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. मी डॉक्टर नाही आणि इथे कुणाला औषध सांगणार नाही. पण एखादं विधान आपण खरं मानतो ते कशाच्या आधारावर, हे तपासणं आमच्या विषयाचं जुनं काम आहे. आज मला एका विधानाची समीक्षा करायची आहे. ते तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. औषधांच्या दुकानात, मोबाइलवरच्या व्हिडिओत, कधी शेजारणीकडून. विधान असं: “अंगावरून पांढरं जातंय, खाज येते, वास येतो, आणि औषध घेतलं तरी महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच होतं? याचा अर्थ शरीरातले चांगले जंतू कमी झालेत. दही खा, नाहीतर प्रोबायोटिकची कॅप्सूल घ्या. चांगले जंतू वाढले की वाईट आपोआप जातील.”

विधान गोड आहे आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. म्हणूनच ते नीट तपासायला हवं. सपशेल खोटं विधान चार दिवसांत उघडं पडतं. अर्धं खरं असलेलं वर्षानुवर्षं टिकतं.

आधी शब्दांचं बघू. या तक्रारीला आपल्याकडे ‘अंगावरून जाणं’ म्हणतात, कुठे ‘धुपणी’ म्हणतात, वैद्य ‘श्वेतप्रदर’ म्हणतात. बहुतेक घरांत मात्र यातलं काहीच म्हणत नाहीत. नुसतं “तिला बरं नाही” म्हणतात. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते असल्या गोष्टी स्पष्ट मराठीत बोलता याव्यात म्हणूनच. त्यासाठी त्यांनी खटले सोसले. तेव्हा आज आपण स्पष्टच बोलू.

आता विधानातलं तथ्य. योनिमार्गात जिवाणू असतात आणि ते असणं हेच निरोगीपणाचं लक्षण असू शकतं. १८९२ मध्ये अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने तिथल्या एका प्रकारच्या जिवाणूंचं वर्णन केलं. त्यांना आज आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला भाग आंबट राहतो आणि बऱ्याच रोगजंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही. दूध विरजणारे जिवाणूही लॅक्टिक आम्लच तयार करतात. त्यामुळे “मग दही खा” ही उडी फार नैसर्गिक वाटते. उडी नैसर्गिक आहे हे मान्य. ती पलीकडे पोचते का, ते बघायचं.

पहिली अडचण. ‘पांढरं जाणं’ हे आजाराचं नाव नाही, ती तक्रार आहे. तिच्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात लॅक्टोबॅसिलस कमी होतात, दुसरे अनेक जिवाणू वाढतात, स्राव पातळ होतो आणि माशासारखा वास येतो. दोन, कँडिडा नावाची बुरशी. यात खाज आणि आग जास्त, स्राव घट्ट, फाटलेल्या दुधासारखा. तीन, ट्रायकोमोनास हा परजीवी. तो लैंगिक संबंधातून पसरतो आणि नवरा-बायको दोघांनाही औषध घ्यावं लागतं. चौथी शक्यता अशी की आजारच नाही. पाळीच्या चक्राप्रमाणे थोडा स्राव बदलणं ही शरीराची नेहमीची रीत आहे.

आपलं विधान या चारही गोष्टी एका पोत्यात भरतं. कँडिडाचंच घ्या. लॅक्टोबॅसिलस भरपूर असताना आणि तिथला आंबटपणा अगदी व्यवस्थित असतानाही कँडिडाचा त्रास होऊ शकतो. म्हणजे तिथे ‘चांगले जंतू कमी झाले’ हे निदानच लागू पडत नाही. चरकसंहितेत योनिव्यापदांचे वीस प्रकार सांगितलेत. ते आजच्या विज्ञानाशी जुळतात असं मला म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच की उपचाराआधी भेद करावा लागतो हे आपल्या परंपरेला ठाऊक होतं. आपण मात्र ते विसरून एकच कॅप्सूल सगळ्यांना देतो.

दुसरी अडचण ‘चांगले’ या शब्दाची. चांगलेपणा हा गुण जंतूच्या अंगात असतो का? २०११ साली अमेरिकेत ३९६ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांना काहीही तक्रार नव्हती. त्यांच्यातल्या सुमारे पाऊण हिश्शात लॅक्टोबॅसिलसचं प्राबल्य होतं, पण उरलेल्या जवळपास चौथ्या हिश्शात नव्हतं. आणि त्यांनाही त्रास काही नव्हता. शिवाय लॅक्टोबॅसिलस म्हणजे एकच एक प्राणी नव्हे. क्रिस्पेटस, जेन्सेनाय, गॅसेराय, इनर्स अशा त्याच्या जाती आहेत. त्यातला क्रिस्पेटस घट्ट पाय रोवून राहतो, इनर्स तेवढा भरवशाचा मानला जात नाही. ‘चांगला’ हे विशेषण कुणासाठी, कुठे, कोणत्या सोबतीत, हे सांगितल्याशिवाय पुरं होत नाही. आपण माणसांबद्दल बोलतानाही हे विसरतो, ते सोडा.

आता पुराव्याकडे येऊ.

दह्याच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा अभ्यास १९९२ चा, अमेरिकेतला. कँडिडाचा त्रास वारंवार होणाऱ्या स्त्रियांना सहा महिने रोज दही दिलं आणि सहा महिने दिलं नाही. दही खाण्याच्या काळात त्रास सुमारे तिपटीने कमी दिसला. हे ऐकलं की माणूस लगेच विरजण लावायला उठेल. पण पुढचं ऐका. पात्र ठरलेल्या स्त्रिया ३३ आणि सगळं पूर्ण करणाऱ्या १३. दह्यापासून सुरुवात केलेल्यांपैकी आठ जणींनी नंतर दही बंद करायला नकार दिला. त्यांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा असेल. पण आपण दही खातोय हे खाणाऱ्याला माहीत असतं, आणि ज्यांना गुण आला असं वाटलं त्याच तुलनेतून बाहेर पडल्या. अशा तेरा जणींवर सिद्धान्त उभारता येत नाही.

पुढे २००४ साली मेलबर्नमध्ये मोठी चाचणी झाली. अँटिबायोटिक घेतल्यानंतर होणारा कँडिडाचा त्रास लॅक्टोबॅसिलसने टळतो का, हा प्रश्न. २७८ स्त्रिया. काहींना तोंडाने, काहींना योनिमार्गात, काहींना दोन्ही, आणि काहींना हुबेहूब दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, ज्याला प्लासिबो म्हणतात. निष्कर्ष: उपयोग दिसला नाही.

मग सगळंच थोतांड का? नाही. २०२० साली अमेरिकेत आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, ती बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी. २२८ स्त्रिया. आधी सगळ्यांना मेट्रोनिडाझोलचा पूर्ण उपचार दिला. त्यानंतर काहींना लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटसचा एक ठरावीक वाण योनिमार्गात अकरा आठवडे दिला, बाकीच्यांना प्लासिबो. बारा आठवड्यांत आजार परत आला तो पहिल्या गटात ३० टक्के जणींना, दुसऱ्या गटात ४५ टक्के जणींना. हा फरक खरा आहे. शंभरातल्या पंधरा जणींचा त्रास टळला, त्याला मी कमी लेखणार नाही.

पण याच आकड्यांना उलट्या बाजूने बघा. प्लासिबो घेतलेल्यांपैकी ५५ टक्के जणींना त्या बारा आठवड्यांत आजार परत आला नाही. समजा त्या काळात त्यांना आपण रोज नारळपाणी दिलं असतं, तर शंभरातल्या पंचावन्न जणींनी शपथेवर सांगितलं असतं की नारळपाण्याने बरं वाटलं. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ‘मला गुण आला’ या वाक्यात खोटेपणा नसतो. पण कशाने आला, हे त्या वाक्यातून कळत नाही. त्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात. ते असताना काय होतं हे बघायचं, आणि ते नसताना काय होतं हेही बघायचं.

नैयायिकांनी आणखी एक सुंदर शब्द दिलाय, ‘उपाधी’. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे खरं. पण अग्नी आहे तिथे धूर आहे, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं लाकूड लागतं. ती लपलेली अट म्हणजे उपाधी. आपल्या विधानात किती ओली लाकडं लपवली आहेत ते मोजा. आजार बॅक्टेरियल व्हजायनोसिसच हवा. आधी अँटिबायोटिकचा उपचार पुरा झालेला हवा. जिवाणू क्रिस्पेटसचा तोच वाण हवा. आणि तो योनिमार्गातच द्यायला हवा. या चारही अटी गाळल्या की उरतं काय, तर “चांगले जंतू खा”. घरच्या दह्यातले जिवाणू दूध आंबवण्यात पटाईत असतात, पण योनिमार्गात मुक्काम करणारा क्रिस्पेटस वेगळा. दही जरूर खा, अन्न म्हणून ते उत्तम आहे. पण ते आत लावण्याचे जे सल्ले फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

भारतात प्रोबायोटिक म्हणून विकली जाणारी बरीच उत्पादनं कायद्याने अन्नपूरक पदार्थांत मोडतात, औषधांत नाही. अन्नाच्या पाकिटावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली प्रोबायोटिक अन्नासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत जिवाणूची जातच नव्हे तर नेमका वाणही ओळखलेला असावा असं म्हटलं आहे. तेव्हा “यात चांगले जंतू आहेत” एवढं उत्तर मिळालं तर ते उत्तर नाही, असं समजा.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. ‘परत परत’ हा शब्द. बॅक्टेरियल व्हजायनोसिस उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा होतो. का? आपलं विधान म्हणतं, तिच्या शरीरात काहीतरी कमी आहे. म्हणजे कारण तिच्यातच. बाईचं शरीर हे चहूबाजूंनी कुंपण घातलेलं शेत आहे, अशी कल्पना यामागे आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. नियमित जोडीदार असलेल्या १६४ जोड्या. सगळ्या स्त्रियांना नेहमीचा उपचार. निम्म्या जोड्यांत पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचं मलम. बारा आठवड्यांत आजार परत आला तो फक्त स्त्रीवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के, दोघांवर झालेल्या गटात ३५ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. पूर्वी पुरुषाला नुसत्या गोळ्या देऊन पाहिलं होतं आणि उपयोग दिसला नव्हता. त्यावरून कित्येक वर्षं असं धरून चालले की पुरुषाचा यात संबंधच नाही. गोळीने काम झालं नाही यावरून पुरुष कारण नाही असा निष्कर्ष काढला, तो निघत नव्हता. त्वचेवरच्या जिवाणूंचा विचार राहून गेला होता.

पारगाव हे साखर कारखान्याचं गाव. तुम्हाला ‘कोयता’ म्हणजे काय ते सांगायला नको. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांची मिळून, हिशेब दोघांचा मिळून. कामाला जोडपं एक, आणि औषधाची वेळ आली की बाई एकटी. हा हिशेब कुठून आला, याचा विचार घरी जाऊन करा. विशेषतः पुरुषांनी.

आणि ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर हेही बोललं पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची रीत एक नाही, पण अंतर नजरेत भरण्याइतकं आहे. पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीच्या तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घालून हा सल्ला मिळाल्याचं तेव्हा समोर आलं. खाडा पडला तर पैसे कापले जातात, फडात पाणी नाही, आडोसा नाही. अशा बाईला “पिशवीच काढून टाक, कटकट नको” हे पटतं.

तुम्ही म्हणाल, कुठे ती शस्त्रक्रिया आणि कुठे बिचारी कॅप्सूल! दोन्ही एका मापाने मोजू नका. ते बरोबर आहे, हानी सारखी नाही. पण दोन्हींत एक पायरी गाळलेली आहे. नेमकं काय झालंय ते पाहण्याची.

ती पायरी किती मोठी आहे हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. तक्रार असल्याचं सांगणाऱ्या ५५ टक्के. तपासणीत एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळलेल्या ९२ टक्के. त्यात निम्मा वाटा संसर्गांचा. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त आठ टक्के. जगाच्या आरोग्य धोरणात तोवर गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. या एका निबंधाने तो समज हलवला.

त्याला जोडून गोव्यातला अभ्यास वाचायला हवा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे २,४९४ स्त्रियांची पाहणी केली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. स्रावाची तक्रार साधारण सातात एकीची होती. पण त्या तक्रारीचं सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते मनाच्या ताणाशी, उदासपणाशी आणि अंगदुखी-थकव्यासारख्या इतर तक्रारींशी. संसर्गाशी तेवढं नाही.

वरवर पाहता हे दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध आहेत. गडचिरोलीत न बोलणाऱ्या बाईलाही आजार निघाला. गोव्यात बोलणाऱ्या बाईला पुष्कळदा संसर्ग निघाला नाही. मला त्यांत विरोध दिसत नाही. तक्रार ही एक गोष्ट, रोग ही दुसरी, आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, हेच दोन्हीकडून सिद्ध होतं. मग जो उपाय फक्त तक्रार ऐकून, काउंटरवरून, न तपासता दिला जातो, तो कशावर दिला जातो? गडचिरोलीच्या बाईला तो उशीर करतो. गोव्याच्या बाईचं दुःख जंतूच्या नावावर टाकून मोकळा होतो. तिला कदाचित कुणीतरी शेजारी बसून “घरी कसं चाललंय” असं विचारण्याची गरज होती.

या मांडणीवर एक आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मी थांबणार नाही. आक्षेप असा: तपासणी, तपासणी म्हणणं सोपं आहे. स्त्री-डॉक्टर जवळ नाही, एक दिवसाची मजुरी बुडते, सासूला काय सांगायचं, टेबलावर झोपायची लाज वाटते. अशा बाईच्या हातात निदान एक निरुपद्रवी कॅप्सूल तरी आहे. तीही काढून घेता?

मी काढून घेत नाही. आक्षेपातला प्रत्येक अडथळा खरा आहे. पण तो कॅप्सूलच्या बाजूचा पुरावा होत नाही. तो आपल्या व्यवस्थेविरुद्धचा पुरावा आहे. बाई तपासणीपर्यंत पोचू शकत नाही, हा प्रश्न कॅप्सूल सोडवत नाही, आणि सुटल्यासारखा मात्र भासवते. त्या भासाचाही खर्च असतो. पैशांचा असतो, आणि वेळेचा. रक्तमिश्रित स्राव, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, तापाबरोबर ओटीपोटात दुखणं, गरोदरपणातला त्रास, यांपैकी काहीही असेल तर ‘आधी महिनाभर जंतू वाढवून बघू’ हा महिना महागात पडू शकतो.

म्हणून मी उपाय न सांगता प्रश्न सांगतो, कारण तेवढाच माझा अधिकार आहे. डॉक्टरांना विचारा: तीनांपैकी नेमकं काय आहे, आणि ते तपासून सांगताय की अंदाजाने? परत आलं तर तोच आजार परत आलाय की दुसरा? जोडीदाराच्या उपचाराचा विचार केला का? आणि कुणी प्रोबायोटिक सुचवलं तर: कोणता वाण, कोणत्या आजारावर, कोणत्या वाटेने, आणि कशाशी तुलना करून गुण दिसला?

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. पण ते विचारण्यासाठी बाईने घरात तोंड उघडल्यावर कुणी “असं काय बोलतेस” म्हणता कामा नये. बाकीचं काम त्यानंतरचं आहे. आरोग्य केंद्रात स्त्रियांच्या तपासणीची नीट, आडोशाची सोय असावी ही मागणी ग्रामसभेत मांडता येते, आणि ती बायकांनीच मांडावी असंही काही नाही.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. बोलायचा संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव नको.